आधी उंट, मग दार

गोदामाचा दारवान बुद्धिबळात हरायचा तो एकाच खोडीपायी. त्याला दार लावायची भारी घाई. समोरच्याने वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकून शेजारचं प्यादं आमिष म्हणून पुढे केलं, तर हा भुलायचा नाही, मधलं आपलं प्यादं धरून बसायचा. इथवर शहाणपण. पण लगेच राजापुढचं प्यादं एक घर सरकवून मोकळा व्हायचा. भिंत भक्कम, आणि वजिराशेजारचा उंट तिच्याआड कोंडलेला. डाव संपत आला तरी बिचारा जागचा हलायचा नाही.

"तुझा उंट काय घरजावई आहे का?" जेवणाच्या सुट्टीत समोर बसणारा काटेवाला विचारायचा. गोदामात गठ्ठे तोलणारा हा माणूस काळ्या सोंगट्या घेऊन तीच भिंत बांधायचा, पण क्रम सोडायचा नाही. आधी उंटापुढच्या प्याद्याचा मधल्याला टेकू, मग उंट बाहेर, आणि मगच दार. "भिंत तीच रे. आत कोण राहिलं ते बघून बांध," म्हणायचा. आणि प्रत्येक सोंगटी पटाच्या कडेवर दोनदा ठोकून मग घरात ठेवायचा. टक टक. दारवानाला अकरा वर्षं त्या आवाजाचा वैताग यायचा.

गोदामाला आग लागली ती अशाच एका सुट्टीनंतर. दोन दालनांमधलं लोखंडी सरकतं दार लावणं दारवानाचं काम. नियम होता, आधी माणसं मोजायची. धूर दिसताच त्याने आधी दार ओढलं आणि अडसर घातला. अलीकडची चाळीस माणसं वाचली. साहेबांनी पाठ थोपटली, पेपरात फोटो आला. काटेवाला पलीकडे राहिला होता.

"आतून काही ऐकू आलं का?" चौकशीत विचारलं. "गठ्ठे कोसळत होते, दुसरं काय ऐकू येणार," दारवान म्हणाला. सगळ्यांना पटलं, बायकोलाही पटलं. पण तेव्हापासून कुणी चमचा कपावर दोनदा आपटला तरी त्याच्या हातातला घास ताटात पडायचा. बायकोने घरातले चमचे उचलून ठेवले. का, ते तिने विचारलं नाही.

काटेवाल्याची मुलगी दर रविवारी दुपारी डाव मांडायला यायची. या नवरा-बायकोला मूलबाळ नव्हतं. ती आली की घर भरायचं, आणि खरं सांगितलं तर ती परत येणार नाही, या भीतीने त्याने सहा वर्षं तोंड शिवून घेतलं होतं.

परवाच्या रविवारी काळ्या सोंगट्या त्याच्याकडे होत्या. हात सवयीने राजापुढच्या प्याद्यावर गेला, थांबला, आणि त्याने आधी उंट बाहेर काढला.

"काका, सुटला की एकदाचा," ती हसली. घोडा उचलला आणि पटाच्या कडेवर ठोकला. टक टक.

"हे कुठून शिकलीस?"

"बाबांचंच. हल्ली आपोआप होतं."

"हाच आवाज मी त्या दिवशी ऐकला," तो म्हणाला. "दाराच्या पलीकडून."

दार का उघडलं नाही, असं ती विचारेल, याची त्याला खात्री होती. चाळीस माणसांचं उत्तर सहा वर्षं तयार होतं.

"किती वेळ?" तिने विचारलं.

"थांबेपर्यंत. मी अडसरावर हात ठेवून उभा होतो."

मुलीने हातातला घोडा पटावर ठेवला, अजिबात आवाज न करता.