चार खटक्यांचं कुलूप

आमच्या मानवतच्या घरात बिनतारी फोन आला तेव्हा मी चक्क घाबरले होते. विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आखातात कामाला असलेल्या माझ्या दिरानं तो पाठवला होता. ठोकळा टेलिफोनच्या तारेला जोडायचा आणि रिसीव्हर हातात घेऊन घरभर हिंडायचं. पहिल्या दिवशी मी ठोकळा आणि रिसीव्हर यांच्या मधून हात फिरवून पाहिला. हाताला काहीच लागलं नाही. मग माणसाचा आवाज येतो कुठून? आमचे हे हसले. हसेनात का, त्यांना तरी कुठं सांगता येत होतं!

ह्यांनी सोबतचं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन दोन दिवस वाचलं. ठोकळ्याच्या आणि रिसीव्हरच्या पोटाखाली चार-चार बारीक खटके होते. दोन्हीकडचे सारखे लावले की फोनला कुलूप लागतं म्हणे. खटके लावताना ह्यांनी मला आणि माझ्या नणंदेला खोलीबाहेर काढलं. मग बाहेर येऊन सांगितलं, की आता ब्रह्मदेव आला तरी आपलं बोलणं त्याला ऐकू यायचं नाही. वर नारळही फोडला.

कुलपाची गरज नणंदेसाठी होती. चार वर्षं नांदून फारकत घेऊन ती माहेरी आलेली. दोनदा तिचं दुसरं लग्न जुळत आलं आणि दोन्ही वेळा समोरच्यांना निनावी पत्र गेलं. पत्रात काय असायचं ते लिहायची माझी इच्छा नाही. जुन्या सासरचंच काम ते, पण पुरावा कुठला? आता पूर्णेचं स्थळ आलं होतं. रेल्वेत नोकरी, बायको वारलेली, पाच वर्षांची मुलगी. मी हट्टच धरला, की या खेपेला मध्यस्थ नको, कुणाला पत्ता लागायला नको, दोघं आपसात बोलून ठरवतील. तारेचा फोन रस्त्याकडच्या खिडकीत होता, तिथं कोण मोकळं बोलणार? आता ती रिसीव्हर घेऊन मधल्या खोलीत जायची आणि कडी लावायची. दर गुरुवारी दुपारी त्याचा फोन यायचा. बाहेर येतानाचा तिचा चेहरा बघून मला वाटायचं, देवा, इतकी वर्षं हे हसू होतं कुठं?

दीड महिना असा गेला. एका गुरुवारी ती फोनवर असताना मी मागं धुणं वाळत घालत होते. पलीकडच्या मावशींनी भिंतीवरून खुणेनं बोलावलं. त्यांच्या ओसरीवर गल्लीतल्या पाच-सहा बायका ज्वारी निवडत बसलेल्या, आणि एकही बोलत नव्हती. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. कोनाड्यात ट्रान्झिस्टर होता, काटा पार शेवटाला. आणि त्यातून माझी नणंद बोलत होती! लेकीच्या दोन वेण्या कशा घालायच्या, आधी केस कसे विंचरायचे, ते त्याला समजावत होती. तो विचारत होता, रिबीन आधी का नंतर.

गाणी शोधताना मावशींचा काटा पहिल्याच गुरुवारी तिथं गेला होता. खटक्यांमुळं परक्या रिसीव्हरवरून आमच्या लाइनीवर फोन लावता येत नव्हता, इतकंच. आवाज आपला चहूकडं मोकळा. हे पुढं कळलं. त्या क्षणी मला कुलूप लावणाऱ्याचा आणि ह्या बायकांचा सारखाच संताप आला.

मावशी हळूच म्हणाल्या, "उद्या माज्याकडं पावनी यायलीय, हिच्या जुन्या सासरची. आठ दिस ऱ्हाईल, रेडिओ बी लावंल. तवर फोन घेऊ नका. आमच्यातून कायबी भाईर गेलं न्हाई, आन् जानार बी न्हाई."

ह्यांची बदली आमच्या आधी ह्या बायकांना कळलेली. एकीच्याही तोंडात तीळ भिजत नाही. आणि त्यांनी दीड महिना हे पोटात ठेवलं होतं, नवऱ्यांनासुद्धा न सांगता! हवेतून आवाज येतो ह्याची पुढं सवय झाली, पण ह्या गोष्टीचं नवल मला अजून वाटतं.

मी हात जोडून सांगितलं, की इथून पुढं रेडिओ बंद ठेवा. सगळ्यांनी माना हलवल्या. पूर्णेला त्याच्या ऑफिसात निरोप धाडला आणि नणंदेला फोन बिघडलाय म्हणून थाप मारली. पाहुणी आली, आठ दिवस राहिली, काही न कळता गेली.

पुढच्या गुरुवारी फोन आला. पाच मिनिटांतच कडी निघाली. नणंद दारात उभी, डोळे भरलेले. हो झालं का मोडलं, मला काही कळेना. एवढ्यात मागच्या दारानं मावशी आल्या, हातात साखरेची वाटी. मागं बाकीच्या, एकीचे हात तर पिठाचे तसेच. कसला रेडिओ बंद!

नणंदेनं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, हातातल्या रिसीव्हरकडं बघितलं. तिच्या सगळं ध्यानात आलं. आता ही पेटणार, असं मला वाटलं.

मावशींनी तिच्या तोंडात साखर घातली. "हो म्हनायला लय येळ लावलास गं पोरी," त्या म्हणाल्या. "आमचा समद्यांचा जीव टांगनीला लागला व्हता."

नणंद त्यांच्या गळ्यात पडली आणि माहेरी परतल्यापासून पहिल्यांदाच मोठ्यानं रडली.