सात वाजताचा समुद्र

बोईसरहून चिंचणीची रिक्षा सुटली तेव्हा मांडीवर टॉवेलची पिशवी होती. शेजारी रात्रपाळी सुटलेले दोन कामगार डुलक्या काढत होते.

मी माणदेशातला. आमच्याकडे पाणी हंड्यात राहतं, त्यात कुणी शिरत नाही. कारखान्याच्या नोकरीत बोईसरला तीस वर्षं काढली, पण समुद्रात घोट्यापुढे गेलो नाही. बायको कुसुम कृष्णाकाठची, पट्टीची पोहणारी. ती पाण्यावर उताणी तरंगत मला हाका मारायची आणि मी दोघांच्या चपला धरून काठावर. “पुढच्या रविवारी,” म्हणायचो. घरी आल्यावर मात्र वाळूचे पाय घेऊन आत आलो की ओरडायची. ती गेली त्याला दीड वर्ष झालं. आता खोली सोडून मुलाकडे नाशिकला जायचं ठरलं होतं. हाताशी दोनच रविवार उरले होते, आणि मला एकदा तिच्यासारखं तरंगायचं होतं.

चिंचणीत मला शिकवायला तयार झाले ते सत्तरीचे एक तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख; सगळे त्यांना दादा म्हणत. बरोबर सातला समुद्र भरलेला आणि शांत होता. दादांनी माझ्या पाठीला रिकामा प्लास्टिकचा डबा बांधला. इथली पोरं असंच शिकतात म्हणे. बासष्टाव्या वर्षी पाठीवर डबा घेऊन मी तासभर खारं पाणी प्यायलो. डब्याशिवाय मात्र जमेना.

“पुढच्या रविवारी सातला,” मी बजावलं. दादा जाळं विणण्यात गुंतले होते, त्यांनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या रविवारी सातला पोचलो तर समुद्रच नव्हता. लांबवर नुसती ओली वाळू पसरली होती. माझा धीरच सुटला.

दादा हसले. “त्या दिशी नवमी होती, आज पाडवा हाय. तुमी तारीख बघता, आमी तिथी. दर्या काय कारखान्याच्या भोंग्यावर चालत नाय, भाऊ. बाराच्या पुढं भरंल.”

मग पाच तास त्यांच्या ओट्यावर बसलो. वहिनींनी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. “टोपी घाला, ऊन लागंल,” म्हणून त्या दादांना दोनदा ओरडल्या. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

साडेबाराला पाणी चढलं. “आज उधाण हाय,” दादा म्हणाले, “पानी थांबंल तेवढ्यात करायाचं. माझ्या हाताबाहेर जायाचं नाय.” पाणी स्थिर झाल्यावर त्यांनी डबा सोडला. पाठीखाली त्यांचा तळवा होता. मग तोही गेला.

कानात पाणी, वर नुसतं आभाळ. मी तरंगत होतो.

“जमलं की,” दादा म्हणाले. मी घाईघाईने काठाकडे पाहिलं. वाळूत माझ्या एकट्याच्या चपला होत्या. तेवढ्यात तोल गेला आणि नाकातोंडात पाणी शिरलं.

परतीच्या रिक्षात कुणी ओळखीचं नव्हतं. जमल्याचं सांगायला मुलाला फोन लावला, तो कामात होता.

खोलीचं दार उघडलं. पाय वाळूने भरलेले होते. सवयीने उंबऱ्यावर थांबलो, बराच वेळ थांबलो. मग तसाच आत गेलो. स्वयंपाकघरापर्यंत वाळू झाली, तरी कुणी ओरडलं नाही.