रंगकामाची सुट्टी

मदन महल वस्तीतले गुणवंतराव मेश्राम दर भीमजयंतीआधी शिडीवर चढून छपराच्या कडेची लाकडी पट्टी रंगवत आणि वरूनच अख्ख्या गल्लीशी गप्पा मारत. यंदा पट्टीला वाळवी लागली, म्हणून त्यांच्या पत्नी विनताबाई त्यांना नवी पट्टी घ्यायला ओमती बाजारातल्या दुकानात घेऊन गेल्या.

“प्लास्टिक की लगाओ, अंकलजी. रंगाई की छुट्टी!” दुकानदार म्हणाला.

गुणवंतरावांचं तोंडच उतरलं. विनताबाईंना कारण लगेच उमगलं.

“अहो, सोबत पावसाच्या पाण्याची पन्हळ पण घेऊ,” त्या म्हणाल्या. “आपल्या कडुलिंबाचा पाला त्यात पडूनच राहीन. तो काढाले तुमालेच चढा लागन.”

“मंग रुंदच घेऊ, पाला जास्त पडन!” गुणवंतराव खुलले आणि दुकानातली एकेक पन्हळ हौसेनं वितीनं मोजून पाहू लागले.