पोळ्याला आलेलं माघातलं चलान

ऑनलाइन चलानाचा मेसेज आला पोळ्याच्या आठवड्यात, आणि गुन्हा माघातला. सात महिने! आमच्याकडं एवढ्यात कपाशी लावून वेचून होते. मोटारसायकल माझ्या नावावर, मोबाइल नंबर माझा, पण गाडी फिरवतो उमापूरला राहणारा धाकटा भाऊ. वडील, म्हणजे आबाही त्याच्याजवळच असतात. मी नोकरीपायी पालीला.

आधी भावाला फोन लावला. तो हसून म्हणाला, "दादा, लगेच भरू नको. लोकअदालत लागंल, त्यात कमी व्हतंय. समदे तसंच करतेत."

आमच्याकडं दंडाची हीच रीत. मला मात्र असलं काही डोक्यावर ठेवून चैन पडत नाही. भरायला बसलो आणि चलानासोबतचा फोटो उघडला.

भाऊ गाडी चालवतोय. मागं वडील. दोघांचीही डोकी उघडी. वडिलांनी त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवलीय, तोंड त्याच्या कानाशी, आणि भाऊ दात काढून हसतोय. खाली ठिकाण, माजलगाव रस्ता. त्याखाली तारीख, आणि वेळ दुपारी दीडची.

ती तारीख मी विसरणं शक्यच नव्हतं. त्या दिवशी माझ्या नव्या घराची वास्तुशांत होती. दीड वाजता पंगत बसली होती आणि मी एकेका पाहुण्याला सांगत होतो, "आबांचे गुडघे धरलेत, प्रवास झेपत नाही." सकाळी त्यांनीच फोनवर तसं सांगितलं होतं. जीप पाठवतो म्हटलं, तर नको. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा डबा मी स्वतः नेऊन दिला, सोबत गुडघ्याचे नवे पट्टे.

मी जळलो. सरळच लिहितो, जळलो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण धाकट्याच्या वाटणीला मोठा लाडू गेल्यासारखा रडकुंडीला आलो. दवाखाना मी करायचा, औषधं मी आणायची, आणि फिरायला हा! चलान तेव्हाच आलं असतं तर आठ दिवस भांडलो असतो आणि मिटलं असतं. सात महिने मी त्या गुडघ्यांची काळजी वाहिली, त्याचा संताप जास्त.

रविवारी उमापूरला गेलो. वडील ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. मोबाइल पुढं धरला. वाटलं, ओशाळतील. त्यांनी चष्मा लावला, फोटो बघितला आणि खुलले.

"धरणावर गेलतो. मासे लई ताजे हुते त्या दिवशी."

"आन् गुडघे?"

"दुखतेत की. घरी बसलं तरी दुखतेत."

"मग माझ्याकडं कावून आला न्हाईत?"

"तितं मला खुर्चीत बसवलं असतंस. येईल त्यानं पाया पडून जायचं. बोलायला कोण हाय?"

मी म्हटलं, आता मीही नेईन गाडीवर. धरणावर, म्हणाल तिथं. हेल्मेट घालून, नीट, सावकाश.

ते शेंगा फोडतच म्हणाले, "तुझ्या मागं बसून बघितलंय मी. डोक्यावर ते डबडं. दोनदा हाक मारली, तुला ऐकूच आली न्हाई."

दंड मी तिथंच बसून पुरता भरला. त्या दिवशी ते भावाच्या कानात काय सांगत होते, हे अजून भावाला विचारलेलं नाही. विचारलं तर तो म्हणेल, "कुनाला आठवतंय दादा, रोजच बोलतेत," आणि ते मला सोसणार नाही.