शून्याची दुरुस्ती

भूमच्या तहसील कचेरीत मी कारकून होतो. रोज सकाळी पर्जन्यमापक बघायचा आणि पावसाचा आकडा बिनतारी संचावरून उस्मानाबादला कळवायचा, एवढं माझं देशकार्य. त्या दुष्काळी वर्षी पाऊसच नव्हता, म्हणून मी काही कळवतच नव्हतो. जे पडलंच नाही त्याची बातमी काय द्यायची?

मग वरून पत्र आलं, की भूमचा संच बिघडलेला दिसतो आणि आकडे नसल्यामुळं तालुका दुष्काळाच्या यादीत घेता येत नाही. पाठोपाठ मेकॅनिक आला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यानं कानामागचा पेचकस काढून अख्खा संच खोलला, एकेक स्क्रू आपल्या टोपीत ठेवला, तारा पुसल्या आणि सगळं परत जोडलं. मग शांतपणे म्हणाला, "साहेब, यंत्र लई चांगलं हाय. शून्य बी सांगावं लागतंय. तुमी गप बसला की वरच्यांना वाटतं, खाली समदं बरं हाय."

दुसऱ्या दिवसापासून मी खड्या आवाजात शून्य सांगू लागलो. पंधरवड्यानं पुन्हा पत्र: रोज एकच आकडा येतो, सबब संच बिघडला असावा.

पुन्हा तोच मेकॅनिक. या खेपेला त्यानं पेचकस काढलाच नाही. अंगणातल्या कोरड्या पर्जन्यमापकात बोट फिरवलं, धूळ पँटीला पुसली आणि अहवाल भरायला बसला. बिघाडाच्या रकान्यात त्यानं लिहिलं, "पाऊस नाही." दुरुस्तीच्या रकान्यात लिहिलं, "वरिष्ठांनी करावी."