नवा सेल्फ आणि चाकाखालचा दगड

दोनदा साबण लावला तरी हाताचा डिझेलचा वास जाईना. पाचोडहून शहरात, उस्मानपुऱ्याला परत निघालोय, एसटीत बसून लिहितोय. पार थकलोय राव.

कित्येक रविवार गावी जाऊन अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, जुना छोटा ट्रॅक्टर दुरुस्त करत होतो. त्याचा सेल्फ, म्हणजे चावीचा स्टार्टर, कधीच लागायचा नाही. म्हणून अण्णा तो कायम घरामागच्या उतारावर लावायचे आणि गडगडत नेऊन चालू करायचे. सपाटीवर बंद पडला की ढकलायला आम्ही भावंडं.

आज नवा सेल्फ बसवला. चावी फिरवली, चालू! वाटलं, सुटलो एकदाचा.

हात धुऊन आलो तर अण्णांनी ट्रॅक्टर पुन्हा उतारावर नेलेला, चाकाखाली दगडसुद्धा लावलेला.

मी वैतागलोच. "अण्णा, आता चावीनं चालू होतोय की!"

"व्हय, लई झ्याक काम केलंस. पण उद्या सेल्फ रुसला तर ढकलायला कोण हाय इथं? तू तर आत्ताच्या गाडीनं चालला."

निघताना दगड नीट बसलाय का, तेवढं बघून आलो.

तुमच्या गावाकडंही कुणी अशीच उतारावर गाडी लावतं का हो?