चुलीवरची चव

शिराळ्याकडच्या वाडीत शालूबाईनं रोज शेण कालवून गोबरगॅसची टाकी भरायची आणि तिच्या नवऱ्यानं, लालासाहेबांनी, गावोगाव त्याचे गोडवे गायचे. "लाकूड वाचतं, बायकांचा धूर जातो!"

त्र्याण्णव साली गोबरगॅसच्या तपासणीला सरकारी साहेब आले. निळी ज्योत बघून खूश झाले आणि ओसरीवर बसत म्हणाले, "ताई, जेवण मात्र चुलीवरचंच हां!" लालासाहेबांनीही मान डोलावली.

शालूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं ओली लाकडं पेटवली, भाकरी भाजल्या आणि ताटं ओसरीवर न धाडता चुलीपुढंच मांडली.

दोन घासांतच दोघे खोकत, डोळे चोळत उठू लागले. शालूबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"आवं, बसा की! चव ह्या धुराचीच हाय."